सरस्वतीच्या ताब्यातली कादंबरी

नवमीच्या सकाळी गुरुमूर्ति बाजारातून केळी आणि विड्याच्या पानांची जुडी घेऊन घरी आले, तेव्हा जेवणाच्या टेबलावर ठेवलेली कादंबरी तिथं नव्हती. चष्मा होता. पाण्याचं भांडं होतं. टेबल लख्ख पुसलेलं होतं.

"अक्का, इथं एक पुस्तक होतं."

"आहे की," पूजेच्या खोलीतून आवाज आला. "सरस्वतीपुढे ठेवलं. घरात वाचण्यासारखं तेवढंच दिसलं मज. बाकी सगळी श्रीविद्याची शाळेची पुस्तकं."

गुरुमूर्ति दारात जाऊन उभे राहिले. पाटावर पुस्तकांची चळत होती. तिच्यावर रेशमी वस्त्र, वस्त्रावर चंदनाची बोटं आणि कुंकू. शेजारी भजनाचे टाळ. चळतीत अगदी खाली कादंबरीचा विटकरी रंगाचा कोपरा दिसत होता.

"मज ते आज वाचायचं आहे."

वरलक्ष्मी अक्कानं मान वर केली. वय चौऱ्याहत्तर, पण मान अशी वर करायची की अडुसष्ट वर्षांचा भाऊ आठ वर्षांचा व्हावा. "आज? सरस्वतीपूजेच्या दिवशी? गुरु, तुज काही होतंय कां?"

कुंभकोणमच्या ह्या मराठी घरांतून हा नियम सगळ्यांना ठाऊक असतो. नवमीला पुस्तकं देवीपुढे ठेवायची आणि दशमीला पुनर्पूजा होईपर्यंत एक अक्षर वाचायचं नाही, लिहायचं नाही. शाळेत असताना गुरुमूर्तींना वर्षातला सर्वांत आवडता दिवस हाच होता. आज पहिल्यांदाच तो त्यांच्या अंगाशी आला.

कारण उद्या, विजयादशमीला सकाळी अकरा वाजता, भजनमठाच्या हॉलमध्ये त्यांचं भाषण होतं. भाषण खरं त्यांचं नव्हतं. ते त्यांच्या बायकोचं, विजयलक्ष्मीचं होतं. मराठी मंडळींच्या वाचनमेळ्यात ती दरवर्षी बोलायची. 'ओली वीट' ही तमिळ कादंबरी आणि तिच्यावरून निघालेला हिंदी सिनेमा, दोन्ही शेजारी ठेवून सांगते, असं तिनं कबूल केलं होतं. कादंबरी तिनं चारदा वाचली, समासात पेन्सिलीनं टिपणं केली. सिनेमा टीव्हीवर दोनदा पाहिला. दोन्ही वेळा गुरुमूर्ति शेजारच्या खुर्चीत घोरत होते. मग ती आजारी पडली आणि एका महिन्यात गेली.

गेल्या वर्षी घरात सण नव्हता. यंदा वर्षश्राद्ध झालं, आणि मेळ्याचा चिटणीस रघुराम घरी आला. "अण्णा, वैनींचं भाषण राहून गेलं. दुसऱ्या कुणास सांगू कां?"

"दुसरा कशास?" गुरुमूर्ति म्हणाले. "मी करतो."

रघुराम चकित झाला. स्वतः गुरुमूर्तिही झाले. आडुतुरैच्या भातसंशोधन केंद्रात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती, आणि त्या काळात भाताच्या पिशव्यांवरच्या चिठ्ठ्यांपलीकडे फारसं वाचलं नव्हतं. पण विजयाचं भाषण दुसऱ्या कुणी करावं हे त्यांना चालणार नव्हतं.

कादंबरी एकशे तीस पानांची. दोन महिने हातात होते. रोज दुपारी ते पुस्तक घेऊन बसायचे, उघडण्याआधी आत तिचं अक्षर असेल असं मनात यायचं, आणि मग चष्मा पुसायचा राहिलाय, दूध तापवायचं राहिलंय असं काहीतरी आठवायचं. असं करता करता नवमी आली. शेवटी त्यांनी ठरवलं, आज एका बैठकीत संपवायचं. नेमकं तेव्हाच चोळपुरमहून खास पूजेसाठी आलेल्या अक्कानं टेबल आवरलं.

"एक तासच दे. मग परत ठेवतो."

"देवीपुढचं पुस्तक ओढून काढतोस? विजया असती तर केलं असतंस?"

विजया असती तर तिनंच पुस्तक तिथं ठेवलं असतं.

गुरुमूर्तींनी बेंगळुरूला मुलीला फोन केला. श्रीविद्या म्हणाली, "अप्पा, सिनेमा बघा ना! सिनेमा काय पुस्तक आहे? मागं आले होते तेव्हाच टीव्हीवर लावून ठेवलाय मी. रिमोटचं मधलं बटण दाबा. हिंदी आहे, पण खाली तमिळमध्ये येतं सगळं."

गुरुमूर्तींना हायसं वाटलं. निदान अर्धं भाषण हाती लागेल. त्यांनी सिनेमा लावला, खुर्ची पुढे ओढली. धुराडं आलं, धूर आला, एक बाई काहीतरी बोलली आणि खाली तमिळ अक्षरं आली.

"हे काय?" मागून अक्का.

"सिनेमा."

"ते मज दिसतं. खाली काय येतंय?"

"बोलतात ते लिहून येतं."

"लिहून येतं. आणि तू काय करतोस?"

गुरुमूर्तींची नजर पुन्हा खालच्या ओळीकडे गेली.

"वाचतोस," अक्का म्हणाली. "अरे, गोळीच्या पाकिटावरचं नावसुद्धा आज वाचत नाहीत. सकाळची गोळी मी रंग पाहून घेतली."

"अक्का, मज हिंदी येत नाही!"

"मराठी बोलतोस ना घरात? बहीणच ती. अर्धं समजेल."

ती आत गेली आणि पंचा घेऊन आली. टीव्हीच्या माथ्यावरून ओढून घ्यायला तो पुरेना, म्हणून तिनं दोन टोकांना दोन कपड्यांचे चिमटे लावून तो पडद्याच्या खालच्या भागावर ताणून बसवला. अक्षरं झाकली गेली. त्यांच्याबरोबर पडद्याची चार-पाच बोटं रुंदीही गेली, आणि सिनेमातल्या सगळ्या माणसांचे पायही.

"आता बघ सुखानं. मी आत स्तोत्र म्हणत बसते. देवीपाशी कुणीतरी हवं." पूजेच्या खोलीचं दार लोटलं गेलं.

गुरुमूर्तींनी सिनेमा पाहिला. वीटभट्टीवर राबणाऱ्या कुटुंबातली लहान मुलगी. तिचं नाव चंदा, एवढं कळलं. डोक्यावर आठ विटा घेऊन ती चालायची. एक पांढऱ्या कपड्यांतला, मिशीवाला गृहस्थ तिच्यावर फार माया करायचा. येताना लाडू आणायचा, डोक्यावर हात ठेवायचा. हा तिचा मामा, असं गुरुमूर्तींनी ताडलं. मग मुलगी विटांच्या लॉरीवर बसून शहरात जाते. तिथं एक जाडजूड बाई भेटते, ती सारखी खेकसते, एकदा हातावर पट्टीही मारते. ही खाष्ट बाई म्हणजे सिनेमातलं संकट, हे उघड होतं. शेवटी पोलीस बिचाऱ्या मामाला धरून नेतात. भाचीला पळायला मदत केली म्हणून असेल. गुरुमूर्तींना वाईट वाटलं.

एक मात्र कळेना. सुरुवातीला मुलगी ओल्या विटेवर वाकून काहीतरी करते, आणि हसते. काय करते ते पंच्यामागे राहिलं. शेवटी मोठी झालेली चंदा एका इमारतीशी येते, भिंतीवरून हात फिरवत फिरवत खाली बसते आणि रडायला लागते. तेही पंच्यामागे. गुरुमूर्तींनी उठून पंच्याच्या वरून आत डोकावून पाहिलं. अक्षरं दिसू लागली, तसे ते घाबरून डोळे मिटून परत बसले.

जेवण झाल्यावर त्यांनी सिनेमा पुन्हा पाहिला. मामा दुसऱ्यांदाही फार चांगला वाटला. आतलं स्तोत्र एव्हाना थांबलं होतं. अक्काला डुलकी लागली असेल असं समजून त्यांनी आवाज कमी केला.

दशमीला ते पाचला उठले. हिशेब सोपा होता. अक्कानं सहाला नैवेद्य केला, साडेसहाला पुनर्पूजा झाली, की पुस्तक हातात. अकरापर्यंत साडेचार तास. अक्का विहिरीवर आंघोळ करत होती. तिचं सोवळ्याचं लुगडं मागच्या पडवीबाहेर वेळूच्या काठीवर वाळत होतं. तेवढ्यात पावसाचे चार थेंब पडले. लुगडं भिजलं तर उशीर होईल, ह्या एकाच विचारानं गुरुमूर्ति धावले आणि त्यांनी ते ओढून घरात आणलं.

अक्का ओलेत्यानं दारात आली आणि भावाच्या खांद्यावर लुगडं पाहून थबकली.

"शिवलास?"

"पाऊस आला म्हणून..."

"शिवलास!"

लुगडं पुन्हा पाण्यात गेलं. पुन्हा पिळून काठीवर गेलं, ह्या वेळी पडवीच्या आत. ते वाळल्याशिवाय अक्का चुलीपाशी जाणार नव्हती. ऐप्पसी महिन्याची पावसाळी, दमट हवा. गुरुमूर्तींनी टेबलफॅन आणला आणि हातभर अंतरावरून, कशालाही न शिवता, लुगड्याकडे तोंड करून लावला. स्वतः खुर्ची टाकून समोर बसले. नऊ वारी लुगडं एवढं लांब असतं हे त्यांच्या आजवर लक्षात आलं नव्हतं.

नैवेद्य तयार झाला तेव्हा घड्याळात नऊ वाजून चार मिनिटं झाली होती.

"चल, हात धू, पूजा करू," गुरुमूर्ति म्हणाले.

"आता कशी? शनिवार आज. नऊपासून राहुकाळ."

"केव्हापर्यंत?"

"साडेदहा."

"अक्का, चार मिनिटं झाली फक्त!"

"राहुकाळ काय बस आहे, उशिरा सुटायला?"

साडेदहाला पुनर्पूजा झाली. अक्कानं वस्त्र उचललं, चळतीतून कादंबरी काढून भावाच्या हातावर ठेवली. "आता देवीपुढे बसून थोडं वाच. आजचं वाचलेलं वर्षभर टिकतं."

गुरुमूर्तींनी पुस्तक उघडलं. पानांच्या कडेला इथं तिथं चंदनाचे पिवळट डाग होते. वस्त्रातून झिरपले असतील. मग पहिलं पान दिसलं, आणि समासात बारीक, उभट अक्षर. चौदा महिन्यांत त्यांनी ते पाहिलं नव्हतं. विजयानं लिहिलं होतं, 'सुरुवात फार छान. ह्यांस इथं झोप येईल.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग छापलेलं पान वाचलं. मग पुन्हा ते वाचलं. बाहेर रिक्षाचा भोंगा वाजला. रघुरामनं पाठवली होती.

हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती; बरोबर आलेली अक्का मागच्या रांगेत जाऊन बसली. रघुरामनं ओळख करून दिली, विजयावैनींची आठवण काढली, आणि गुरुमूर्ति उभे राहिले. पुस्तक हातात घट्ट धरलेलं होतं. एकच पान वाचलं आहे हे कुणाला कळू द्यायचं नाही, एवढं त्यांनी रिक्षात ठरवलं होतं. विजयाचं नाव खाली जाता कामा नये.

"कादंबरी फार छान आहे," ते म्हणाले. "सुरुवात तर फारच छान. सिनेमाही छान. आता सिनेमाकडे येऊ."

लोक सरसावून बसले.

सिनेमा त्यांनी मन लावून सांगितला. "त्या मुलीच्या डोक्यावर आठ विटा असतात. मी मोजल्या. चालताना तिची मान हलत नाही, पण डोळे सारखे इकडे तिकडे फिरतात. पाहणं तेवढंच तिच्या हातात असतं म्हणून. आणि शहरात तिला पहिल्यांदा खुर्ची मिळते, तेव्हा ती काठावर बसते, अर्धी. कुणी ऊठ म्हटलं तर पटकन उठता यावं म्हणून. तिसऱ्या वर्षी ती पाठ टेकून बसते. कुणी काही बोलत नाही, गाणं नाही. पण माणूस गरिबीतून कसा बाहेर पडतो, ते मज त्या खुर्चीत दिसलं."

पहिल्या रांगेतल्या शिवकामीबाईंनी मान डोलवली. त्या गणिताच्या निवृत्त शिक्षिका, सहसा कशालाही मान डोलवत नसत. गुरुमूर्तींना धीर आला, आणि तिथंच घोटाळा झाला.

"आणि तो मामा! अशी माया हल्ली पाहायला मिळत नाही. लाडू काय, डोक्यावर हात काय. शेवटी भाचीसाठी तुरुंगात गेला."

रघुराम खोकला.

"आणि ती जाडी बाई. इतकी दुष्ट बाई मी..."

रघुराम पुन्हा खोकला. त्यानं सिनेमा पाहिला होता. त्यानं पाण्याचं भांडं पुढे सरकवलं. गुरुमूर्ति पाणी प्यायले आणि शेवटाकडे गेले. "शेवटी ती भिंतीपाशी बसते आणि रडते. कां रडते..." ते थांबले. चाळीस माणसं पाहत होती. काहीतरी बनवून सांगणं त्यांना जमलं असतं, पण हातात विजयाचं पुस्तक होतं. "कां रडते, ते मज दिसलं नाही. मध्ये पंचा होता."

"काय होता?" शिवकामीबाई म्हणाल्या.

"पंचा. अक्कानं लावलेला. काल नवमी होती, अक्षरं वाचायची नव्हती."

हॉलमध्ये हसू फुटलं. आधी एका कोपऱ्यात, मग सगळीकडे. प्रत्येकाच्या घरी काल पुस्तकं झाकलेली होती. पण टीव्ही कुणी झाकला नव्हता. गुरुमूर्तींचे कान लाल झाले. विजयाच्या भाषणाला लोक हसताहेत, एवढंच त्यांना कळत होतं. त्यांनी पुस्तक मिटलं, आणि ते खाली उतरणार एवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला.

"गुरु, तो मामा नव्हे रे! मुकादम तो! लाडू देऊन पोरांस भट्टीवर अडकवून ठेवणारा!"

अक्का उभी होती. लोक वळून पाहू लागले.

"आणि ती जाडी बाई वसतिगृहाची. तिनंच पोरीस शिकवलं. पट्टी मारली, कारण पोर शाळा सोडून परत भट्टीवर निघाली होती. चौऱ्याऐंशीव्या पानावर आहे. विजयानं तिथं लिहिलंय, 'अशी एक बाई प्रत्येकास भेटो.'"

"भिंतीचं काय, अक्का?" रघुरामनं विचारलं.

"ते पोर लहानपणी ओल्या विटेवर अंगठा उमटवतं. लिहिता येत नसतं ना. त्या विटा शहरात वसतिगृह बांधायला जातात, आणि पुढं तेही तिथंच शिकायला जातं. मोठं झाल्यावर ते आपली वीट शोधतं."

"म्हणजे पंच्यामागे अंगठा होता," गुरुमूर्ति म्हणाले. "ती खाली बसली. म्हणजे सापडला तिला! म्हणून रडली!"

"सिनेमात सापडला. पुस्तकात नाही."

"नाही?"

"भिंतीस गिलावा केलेला. एवढी मोठी भिंत, सगळी गुळगुळीत. ती नुसता हात टेकते नि म्हणते, आत कुठंतरी असेल. आणि नोकरीवर निघून जाते."

मग गुरुमूर्तींनी विचारलं, "मग खरं कोणतं?" आणि हॉल त्यांच्याबरोबर उत्तराची वाट पाहू लागला.

पुढचा पाऊण तास दोघं भावंडं बोलत होती. तो व्यासपीठावरून सिनेमा सांगायचा, ती मागच्या रांगेतून पुस्तक. सिनेमात धूर काळा आणि मोठा, पुस्तकात तो आईच्या खोकल्यात. सिनेमात पोर लॉरीवर चढते तेव्हा आई हात हलवते. पुस्तकात आई पाठ फिरवून वीट थापत राहते, पाहिलं तर हाक मारीन म्हणून. कोणतं चांगलं ह्यावर रघुराम आणि शिवकामीबाई भांडले, आणि दोघांनीही दोन्हींची स्तुती केली. मेळ्यात इतका वेळ कुणीही कॉफीची आठवण काढली नाही, असं आधी झालं नव्हतं.

"वैनी असत्या तर..." निघताना रघुराम एवढंच म्हणाला.

रिक्षात गुरुमूर्तींनी पुस्तक मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "अक्का, तुज पुस्तक कसं ठाऊक?"

"विजयानं सांगितलं होतं."

"पान नंबरासकट?"

"तिला सगळं नीट सांगायची सवय होती," अक्का म्हणाली आणि रस्त्याकडे पाहू लागली.

त्या दुपारी गुरुमूर्तींनी वाचायला घेतलं. पहिल्या पानावर त्यांना झोप आली नाही. बाराव्यावर आली, पण ते उठून तोंड धुऊन आले. समासातली टिपणं ते आधी वाचत, मग पान. चौथ्या दिवशी ते शेवटच्या पानाशी पोचले. चेल्लम्मा, कादंबरीत तिचं नाव हे होतं, गिलाव्यावर हात टेकते आणि नोकरीवर निघून जाते. खाली विजयाचं अक्षर होतं. हे टिपण अक्कानं हॉलमध्ये सांगितलं नव्हतं.

'सिनेमात सापडतो. बरं केलं त्यांनी. ह्यांस आधी सिनेमा दाखवावा, मग पुस्तक द्यावं. उलट केलं तर सिनेमाभर विचारत बसतील, अंगठा केव्हा येतो म्हणून.'

गुरुमूर्ति हसले. हसता हसता त्यांना चष्मा काढावा लागला. पुसून परत लावला, तेव्हा टिपणाच्या बाजूला त्यांना एक डाग दिसला. चंदनाचा. झिरपलेला नव्हता. पान धरताना उमटलेला अख्खा अंगठा होता, रेषांसकट. त्यांनी मागची पानं उलटून पाहिली. पंधरावीस पानांवर तोच अंगठा होता.

"गुरु," स्वयंपाकघरातून अक्कानं हाक मारली, "संपलं कां?"

"संपलं."

"मग इकडे दे. मज परत वाचायचंय. त्या दिवशी तुझा सिनेमा संपायच्या आत उरकायचं होतं, सगळं घाईत झालं."